हट्ट आणि निष्ठा : तंजावरच्या ख्रिस्ती कवितेतील एक पेच

तंजावरच्या सरफोजी राजांनी आपल्या पालकगुरूच्या थडग्यावरील शिळेसाठी एक लहानशी इंग्रजी कविता रचली. ज्याच्यासाठी ती रचली तो ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्‌झ हा जर्मन धर्मोपदेशक १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरात निवर्तला. कवितेचे वाङ्मयीन मोल बेताचेच आहे. तिचे वळण पाठशाळेतल्या पद्यरचनेचे आहे. परंतु गुणवर्णनाचा जो क्रम राजांनी योजला तो मात्र विचार करावयास लावणारा आहे. पहिला गुण दृढतेचा, आणि त्याला लागूनच नम्रतेचा. अनाथांचे पितृत्व, विधवांचा आधार वगैरे गोष्टी नंतर येतात. ख्रिस्ती न झालेल्या एका मराठी राजाने एका ख्रिस्ती साधुपुरुषाकडे पाहून जे नेमके टिपले ते हे, की हा मनुष्य ढळत नसे आणि तरीही वाकू शकत असे.

हे दोन गुण एकाच माणसात नांदणे किती दुर्मिळ असते, याचा प्रत्यय पुढच्या पन्नास वर्षांत त्याच गावाला आला. श्वार्ट्‌झ यांचा सर्वांत प्रतिभावान शिष्य, तमिळ ख्रिस्ती काव्याचा मानदंड ठरलेला वेदनायकम् शास्त्री (१७७४-१८६४), आणि श्वार्ट्‌झ यांच्या गादीवर आलेले नवे मिशनरी यांच्यात १८२९ च्या सुमारास जो कलह पेटला, त्यात दृढता दोन्ही पक्षांकडे मुबलक होती. नम्रता कोणाकडे किती होती, हा प्रश्न इतिहासकारांनी आपापल्या परीने सोडविला आहे. मला तो येथे वाङ्मयाच्या अंगाने विचारावयाचा आहे. कारण त्या कलहाचा एक पक्षकार कवी होता, आणि त्याची कविता त्याच्याविरुद्ध साक्ष देते असे माझे मत आहे.

मराठीत या वृत्तीसाठी शब्दांची वाण नाही. टेक, निश्चय, निष्ठा, आग्रह, हट्ट, हेका, दुराग्रह, ताठा अशी एक उतरंडच लावता येईल. गंमत अशी की वागणे तेच असते. आपल्या पक्षाच्या माणसाने केले म्हणजे ती टेक होते आणि विरुद्ध पक्षाच्या माणसाने केले म्हणजे तो हेका ठरतो. आपली समीक्षाही या मोहातून सुटलेली नाही. लेखकाचा 'बाणेदारपणा' हा आपल्याकडे स्वयंसिद्ध गुण मानला जातो. तो बाणा कशासाठी होता, हे विचारण्याच्या भानगडीत आपण सहसा पडत नाही. गीतेने या बाबतीत अधिक सावधपणा दाखविला आहे. तिने धृतीचे तीन प्रकार केले आणि विषाद व मद न सोडणारी जी धृती तिला तामस म्हटले. तपाचा विचार करतानाही मूढग्राहाने केलेल्या तपाला वेगळे काढले. म्हणजे न सोडणे हा काही आपोआप सद्गुण होत नाही. काय सोडले नाही आणि का सोडले नाही, यावर सारे अवलंबून आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथात तर हा पेच अधिकच गुंतागुंतीचा आहे. एकीकडे ताठ मानेच्या लोकांविषयीचा संताप जुन्या करारात पुनःपुन्हा प्रकट होतो. फारोचे मन दर संकटागणिक अधिक कठीण होत जाते. योना देवाच्या आज्ञेपासून पळतो, आणि देवाने निनवे नगरीला क्षमा केली म्हणून रुसून बसतो. दुसरीकडे याकोब रात्रभर झुंजतो आणि आशीर्वाद मिळेपर्यंत सोडत नाही. कनानी स्त्री झिडकारली गेली तरी मागे हटत नाही आणि तिचा विश्वास मोठा ठरतो. दृष्टान्तातील विधवा न्यायाधीशाला हैराण करते आणि तिला न्याय मिळतो. हट्टाला शाप आणि हट्टालाच वर, असे हे उघड द्वंद्व आहे. याचा उलगडा मला असा दिसतो की याकोबाचा, कनानी स्त्रीचा, विधवेचा हट्ट हा मागणाऱ्याचा हट्ट आहे. त्याचे हात रिकामे आहेत आणि ते पुढे केलेले आहेत. योनाचा हट्ट हा ज्याच्या मुठीत काही आहे आणि जो ती मूठ उघडू इच्छित नाही त्याचा आहे. कृपा हा ज्या धर्माचा प्राण आहे, त्या धर्मात मिटलेली मूठ हे सर्वांत मोठे संकट होय, कारण तीत काही ठेवताच येत नाही. शिवाय दुराचारी माणसाला आपल्या दुराचाराचा निदान संशय तरी येतो. हट्टी भक्ताला आपला हट्ट ही भक्तीच वाटत असते. म्हणून त्याला औषध देणे कठीण.

श्वार्ट्‌झ ज्या हालेच्या संप्रदायात वाढले तेथे या रोगाचे निदान फार कडकपणे केले जाई. आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी हाले येथे अनाथालये आणि शाळा काढल्या. त्यांच्या शिक्षणविचारात बालकाची स्वाभाविक स्वेच्छा मोडणे याला मध्यवर्ती स्थान होते. आजच्या शिक्षणशास्त्राला हा विचार क्रूर वाटेल, आणि तो बऱ्याच अंशी तसा होताही. परंतु या पद्धतीत एक विरोधाभास दडलेला होता. ज्यांची स्वेच्छा मोडली गेली असे मानले जाई ती माणसे जगाच्या पाठीवर अत्यंत चिवट निघाली. स्वतःची इच्छा सोडली अशी एकदा खात्री पटली की मग उरलेली प्रत्येक इच्छा देवाची वाटू लागते! हालेच्या परंपरेतून आलेल्या मिशनऱ्यांच्या चरित्रांत या चिवटपणाची उदात्त उदाहरणे आहेत आणि दुःखद उदाहरणेही आहेत.

श्वार्ट्‌झ स्वतः १७५० मध्ये त्रंकबारला उतरले आणि १७७८ पासून तंजावरात स्थायिक झाले. त्यांच्या चरित्रातील दोन प्रसंग येथे पुरेसे आहेत. तंजावरच्या राज्यातील एक मराठी ब्राह्मण विधवा एका इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या आश्रयाने राहत होती. तिने बाप्तिस्मा मागितला तेव्हा, हा संबंध चालू आहे तोवर बाप्तिस्मा देता येणार नाही, असे श्वार्ट्‌झ यांनी तिला सांगितले. तो अधिकारी मृत्यू पावल्यावर तिने पुन्हा मागणे केले आणि १७७८ मध्ये पालयंकोट्टै येथे त्यांनीच तिला बाप्तिस्मा दिला. हीच क्लोरिंदा. तिने पालयंकोट्टै येथे उभारलेले मंदिर १७८५ मध्ये श्वार्ट्‌झ यांच्याच हस्ते उपासनेसाठी खुले झाले, आणि लोक त्याला आजही बामणबाईचे देऊळ अशा अर्थाच्या तमिळ नावाने ओळखतात. १९१५ मध्ये अ. माधवय्या या तमिळ लेखकाने तिच्यावर इंग्रजीत कादंबरी लिहिली. मराठीने या आपल्या लेकीची दखल अद्याप पुरेशी घेतलेली नाही, हे नमूद करून ठेवतो. या प्रसंगात हट्ट कोणाचा आणि निष्ठा कोणाची? नकार देणाऱ्याने नियम सोडला नाही, मागणारीने मागणे सोडले नाही, आणि दोघांनी एकमेकांशी संबंध तोडला नाही. नकाराने दार लावले गेले, पण त्याला कुलूप नव्हते.

दुसरा प्रसंग राजकारणातला. १७८७ मध्ये तुळजा राजांनी मृत्युशय्येवर आपला दत्तक मुलगा सरफोजी श्वार्ट्‌झ यांच्या हाती सोपविण्याची इच्छा प्रकट केली. श्वार्ट्‌झ यांनी ती जबाबदारी नाकारून राजाचा भाऊ अमरसिंह याचे नाव सुचविले. पुढे अमरसिंहाच्या अमलात त्या मुलाची आबाळ झाली, तेव्हा याच मनुष्याने आपला आधीचा सल्ला कवटाळून न बसता मुलाला १७९३ मध्ये मद्रासला हलविण्याच्या व त्याचा हक्क प्रस्थापित करण्याच्या कामात आपली अखेरची वर्षे घातली. राजांच्या कवितेतला तो पहिला शब्द आणि दुसरा शब्द, दोहोंचा अर्थ या प्रसंगात सापडतो.

आता वेदनायकम्. तिरुनेलवेलीच्या एका वेळ्ळाळ ख्रिस्ती कुटुंबातील हा मुलगा श्वार्ट्‌झ यांनी बाराव्या वर्षाच्या आसपास आपल्याबरोबर तंजावरला आणला. त्रंकबारच्या विद्वान मिशनऱ्यांकडे त्याचे पुढचे शिक्षण झाले आणि ऐन तारुण्यात तो तंजावरच्या मिशनच्या शाळेचा प्रमुख शिक्षक झाला. सरफोजी आणि वेदनायकम् हे वयाने जवळजवळ बरोबरीचे, एकाच गुरूच्या छायेत वाढलेले. एक राजा झाला व हिंदू राहिला. दुसरा कवी झाला व ख्रिस्ती राहिला. त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. कवीच्या परंपरेत अशी आख्यायिका सांगतात की राजांनी एकदा त्याला आपल्या दैवताविषयी काव्य रचावयास सांगितले आणि कवीने ते साफ नाकारले. आख्यायिकेचा तपशील कसाही असो, नकारानंतर राजाश्रय तुटला नाही हे खरे आहे. यात राजाचा मोठेपणा अधिक की कवीचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

कवीची ही बाजू सर्वांना ठाऊक आहे आणि तिचेच गोडवे गाइले जातात. परंतु त्याचे खरे काम १८०० मध्ये रचलेल्या 'बेथलेहेम कुरवंजी'त पाहावे. कुरवंजी हा नाट्यकाव्यप्रकार मराठी वाचकांना अपरिचित असेल, म्हणून दोन शब्द. यात नायक देव किंवा राजा, त्याची मिरवणूक निघते. नायिका त्याला पाहून विरहाने झुरू लागते. आणि मग डोंगरातून कुरवर जातीची एक भटकी बाई येते, नायिकेचा हात पाहते आणि प्रियकराचे नाव सांगते. त्या बाईचा नवरा सिंगन हा पारधी. तो पाखरे धरीत आणि बायकोला शोधीत रंगभूमीवर येतो. विप्रलंभ शृंगार आणि खेडवळ विनोद यांचे हे मिश्रण तमिळ मुलुखात अत्यंत लोकप्रिय होते. वेदनायकम् यांनी हा सारा साचा तसाच ठेवला आणि त्यात ख्रिस्ताची कथा ओतली. नायक बेथलेहेमचा राजा, नायिका सियोनची कन्या, आणि तिला तिच्या वल्लभाची वार्ता देणारी ती कुरवर बाई. जाता जाता कवी नव्या खगोल-भूगोलविद्येचे ज्ञानही त्यात गुंफतो, जे त्याला हालेच्या परंपरेने दिले होते.

या रचनेचे धाडस कशात आहे, हे नीट पाहिले पाहिजे. मिशनच्या साहित्यात उपदेश वरून खाली येतो; गोरा उपदेशक बोलतो आणि एतद्देशीय ऐकतो. येथे मोक्षाची वार्ता जिच्या तोंडून येते ती वर्णव्यवस्थेच्या काठावरची, रानातून आलेली, टोपल्या विकणारी बाई आहे. कुलीन नायिका आपला हात तिच्या हातात देते. त्या स्पर्शावाचून भविष्यही नाही आणि सुवार्ताही नाही. साच्यानेच कवीला येथवर आणले असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. पण कवीने हा साचा निवडला आणि त्याचा हा गाभा वगळला नाही. काव्यप्रकाराच्या पोटात जे सत्य होते त्याला तो शरण गेला. कवीची नम्रता म्हणतात ती हीच.

आणि एकोणतीस वर्षांनी याच कवीने काय लिहिले? श्वार्ट्‌झ यांच्यानंतर तीन दशकांत मिशनचे वातावरण पालटले होते. हाउब्रो यांच्यासारखे नवे, तरुण मिशनरी आले होते. त्यांनी जे बदल आणले त्यांच्याविरुद्ध तंजावरच्या वेळ्ळाळ ख्रिस्ती मंडळींच्या वतीने वेदनायकम् यांनी १८२९ मध्ये लेखणी उचलली. तक्रारी चार होत्या. फाब्रीसियुस यांनी सिद्ध केलेल्या तमिळ बायबलाच्या जागी ऱ्हेनियुस यांचा सुधारलेला अनुवाद आणला जात होता. विवाह व अंत्यविधी यांतून फुले हद्दपार केली जात होती. उपासनेतून तमिळ गीते काढून टाकली जात होती. आणि उपासनेत व प्रभुभोजनात सर्व जातींना एकत्र आणले जात होते.

डेनिस हडसन यांनी आपल्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या लेखनाचा साक्षेपाने परामर्श घेतला आहे, आणि त्यामुळे या वादाचा आराखडा आपल्यापुढे स्पष्ट उभा राहतो. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात जे खटकते ते हे, की चारही तक्रारी एकाच सुरात, एकाच वजनाने मांडलेल्या आहेत. यांपैकी गीतांची तक्रार पूर्णपणे न्याय्य होती. ज्या भाषेत लोक रडतात-हसतात, तिच्या सुरांना देवळाबाहेर काढणे ही निव्वळ अरसिकता होती, आणि तीत परकीय सत्तेचा दर्पही होता. फुलांचेही तेच. बायबलाच्या अनुवादाविषयी दोन मते संभवतात. कानाला सरावलेल्या पाठाची ओढ ही क्षुद्र गोष्ट नव्हे, तसा सुधारणेचा हेतूही वाईट नव्हता. परंतु चौथी तक्रार? ज्या पंक्तीत प्रभूचे शरीर वाटले जाते तिच्यात आपल्या आधी कोण बसेल आणि नंतर कोण, या प्रश्नाला फुलांच्या आणि गाण्यांच्या रांगेत बसवणे म्हणजे न्याय्य गाऱ्हाण्यांच्या आडोशाला एक अन्याय्य गाऱ्हाणे लपवणे होय. हट्टाची ही पहिली खूण मानावी: त्याला आपल्या मागण्यांत डावे-उजवे करता येत नाही. एक सोडली तर सर्वच जातील, अशी भीती त्याला ग्रासते.

त्यांच्या पक्षाचा युक्तिवाद दुबळा नव्हता. जात ही लौकिक व्यवस्था आहे, धार्मिक नव्हे. युरोपातही मालक आणि चाकर एका पंगतीला बसत नाहीत. आणि मुख्य म्हणजे खुद्द श्वार्ट्‌झ यांनी ही वहिवाट चालू दिली होती. यातली दुसरी गोष्ट युरोपीय मंडळींना बोचणारी होती, कारण ती खरी होती. तिसरीही खरी होती. श्वार्ट्‌झ यांच्या काळी तंजावरच्या देवळात वेळ्ळाळ एका बाजूस आणि अस्पृश्य मानलेल्या जातींचे ख्रिस्ती दुसऱ्या बाजूस बसत. काळाच्या ओघात हा भेद विरघळेल अशी गुरूची आशा होती. येथेच शिष्याची वाट चुकली. गुरूने जे धीराने सोसले ते शिष्याने गुरूची आज्ञा मानले. वैद्याने दिलेली मुदत रोग्याने हक्काची सनद म्हणून मिरवली. संप्रदायांच्या इतिहासात ही गोष्ट इतक्या वेळा घडली आहे की वारकऱ्यांपासून लूथरपंथीयांपर्यंत कोणीही दुसऱ्याला हसू नये.

गद्याकडेही पाहावे. कुरवंजीत नायिका आहे, सखी आहे, कुरवर बाई आहे, सिंगन आहे. प्रत्येकाचा आवाज निराळा. तक्रारीच्या लेखनात एकच आवाज उरतो, आणि ज्यांच्या शेजारी बसण्याविषयी हा सारा वाद आहे त्यांना त्यात तोंडच नाही. त्यांच्या वतीने मिशनरी बोलतात, त्यांच्याविरुद्ध वेदनायकम् बोलतात. काव्यात जिचा हात धरला होता, तिची जातभाऊबंदकी निबंधात दाराशी ताटकळत ठेवली गेली. म्हणून मी वर म्हटले की कविता कवीविरुद्ध साक्ष देते. कवीपेक्षा त्याच्या कवितेला अधिक कळले होते.

याचा अर्थ मिशनरी निर्दोष होते असा नाही. बिशप हेबर १८२६ मध्ये तंजावरला आले. २६ मार्चच्या ईस्टरची उपासना त्यांनी तेथेच चालविली आणि आठवड्याभरात त्रिचनापल्लीस त्यांचा अंत झाला. जातीच्या प्रश्नावर त्यांचा कल समजुतीचा होता. परंतु १८३३ च्या जुलैत बिशप डॅनियल विल्सन यांनी फर्मान काढले की ख्रिस्ती मंडळीतील जातिभेद तत्काळ आणि कायमचा टाकून द्यावा. तत्त्वतः विल्सन यांचेच बरोबर होते. याविषयी आज शंका घेण्यास जागा नाही. पण ज्या अधिकारवाणीने हे सांगितले गेले तिच्यातही मिटलेली मूठ होतीच. ज्यांनी गाणी काढून घेतली, फुले काढून घेतली, त्यांनीच आता समतेची आज्ञा दिली; तेव्हा ऐकणाऱ्यांना ती आज्ञा समतेची न वाटता आणखी एक हिरावणी वाटली. तंजावरात आणि मद्रासजवळच्या वेपेरीत वेळ्ळाळ ख्रिस्ती मोठ्या संख्येने उपासनेपासून दूर झाले. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात थोरला भाऊ अंगणात उभा राहतो, आत मेजवानी चालली असता आत येत नाही. त्याने बापाची आज्ञा कधी मोडलेली नसते. त्या दृष्टान्ताचे याहून हुबेहूब चित्र भारतीय ख्रिस्ती इतिहासात मला दिसत नाही. मात्र दृष्टान्तातला बाप स्वतः बाहेर येऊन थोरल्याची मनधरणी करतो. विल्सन यांनी पत्र पाठविले.

आपल्या काही टीकाकारांना वेदनायकम् यांच्या या विरोधात वसाहतवादाविरुद्धचा स्वाभिमान दिसतो. गीतांपुरता तो आहेच. परंतु स्वाभिमान ही अशी दुलई आहे की तिच्याखाली बरेच काही झाकून जाते. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र याप्पो येथे दृष्टान्त पाहतो: आकाशातून चादर उतरते, तीत अशुद्ध मानलेले जीव असतात, आणि खा म्हणून आज्ञा होते. पेत्र नाही म्हणतो. आपण आजवर विटाळाचे काही खाल्लेले नाही, असे तो खुद्द देवाला ऐकवतो. तीनदा असे घडते. सोवळ्याचा हट्ट देवाच्या नावाने देवाशीच कसा केला जातो, याचे याहून बोलके आख्यान कोणते? पेत्राची थोरवी अशी की कर्नेल्याची माणसे दाराशी आली तेव्हा तो उठून त्यांच्याबरोबर गेला.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात हाच पेच निराळ्या रीतीने सुटलेला दिसतो, आणि तो मुख्यतः स्त्रियांनी सोडविला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. नंतरच्या पत्रव्यवहारात, जो अ. भि. शहा यांनी संपादून १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, सिस्टर जेराल्डीन त्यांच्यावर अहंकाराचा आणि स्वेच्छाचाराचा ठपका पुनःपुन्हा ठेवतात. रमाबाईंना त्रैक्याचे मत एकदम मान्य करता येत नव्हते. क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे हवी होती. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घ्यावयाचे नव्हते. हा हट्ट होता काय? जेराल्डीन यांच्या मते होता. पण ध्यानात घ्यावे की 'तू हट्टी आहेस' हे वाक्य बहुधा सत्ता असलेला माणूस सत्ता नसलेल्याला ऐकवतो. रमाबाईंचा आग्रह प्रश्न विचारण्याचा होता, उत्तर मिटवून टाकण्याचा नव्हता. आणि म्हणूनच १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात, आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या देऊ शकल्या. त्या जागी जेराल्डीन यांच्याकडून तशी एखादी कबुली त्या पत्रसंग्रहात शोधून पाहावी.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट अधिक घरगुती आणि म्हणून अधिक शिकवणारी. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले; लक्ष्मीबाई १९०० मध्ये. मधल्या वर्षांत नवराबायकोचे हट्ट समोरासमोर उभे होते, आणि 'स्मृतिचित्रां'त त्या झुंजीचे जे वर्णन येते त्यात लेखिका स्वतःला एकदाही मोठे करीत नाही. तिचे सोवळे एकाएकी गळून पडले नाही. एक एक पायरी उतरताना ती किती अडखळली, कोणत्या सबबी सांगितल्या, हे ती हसत हसत सांगते. ज्या प्रश्नाने तंजावरची मंडळी दुभंगली तोच प्रश्न, कोणाच्या हातचे खावे-प्यावे हाच, येथे एका स्वयंपाकघरात सुटला. टिळकांचा स्वभाव तर हेकटपणाची परिसीमाच. पण त्याच हेक्याने त्यांना १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडावयास लावला आणि 'देवाचा दरबार' स्थापन करावयास लावले, जेथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखाच प्रवेश होता. देशी सुरांचा आग्रह टिळकांचाही होता, वेदनायकम् यांचाही होता. फरक इतकाच की टिळकांच्या अभंगाला जातीचे कुंपण लागले नाही. तो संताच्या छंदाबरोबर संताची दैन्याची भाषाही घेऊन आला होता, आणि त्या भाषेत ताठा टिकत नाही. अर्थात टिळकांसमोर एक 'स्मृतिचित्रे' लिहिणारी बायको होती, ही सोय सगळ्याच कवींना नसते.

वेदनायकम् यांचा मिशनशी असलेला संबंध १८२९ च्या वादात तुटला. तेव्हा त्यांना आधार दिला तो सरफोजी राजांनी. ज्याच्या दैवताची स्तुती करावयास या कवीने नकार दिला होता असे सांगतात, त्याच राजाने मिशनने दूर केलेल्या ख्रिस्ती कवीला आश्रय दिला आणि १८३२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत तो चालविला. कवी पुढे बत्तीस वर्षे जगला. त्याची गीते तमिळ प्रॉटेस्टंट मंडळींत आज सर्वत्र गाइली जातात. या मंडळींत बहुसंख्या ज्यांची आहे ते त्याच जातींचे वंशज होत ज्यांना एका बाजूस बसविण्यासाठी त्याने लेखणी झिजविली. आणि ती गीते देवळातून काढू पाहणारे मिशनरी कोण होते हे त्या गाणाऱ्यांना ठाऊकही नसते.

एक काम मात्र मराठी अभ्यासकांनीच करण्याजोगे आहे. सरफोजी राजांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक आहे. त्यातही कुरवंजी येते आणि सबंध पृथ्वीचा भूगोल सांगते. त्या विद्येचा उगमही त्याच गुरुकुलातला. तिसरी एक कुरवंजी शिवक्कोळुंदु देशिकर यांची तमिळमधली, तिचा नायक खुद्द सरफोजी, आणि ती बृहदीश्वराच्या देवळात खेळली जाई. एकाच राजाच्या काळी, एकाच गावात, एकच भटकी बाई तीन निराळ्या दारांत उभी राहून तीन निराळे भविष्य सांगते. वेदनायकम् यांच्यापुरते इंदिरा पीटरसन यांनी या काव्यप्रकाराचे विवेचन इंग्रजीत केले आहे. सरस्वती महालातील मराठी पोथ्यांकडे पाठ न फिरवता ही तिन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, आणि प्रत्येक ठिकाणी त्या बाईच्या हाताला कोणाचा हात लागतो व कोणाचा लागत नाही हे तपासले, तर १८२९ च्या वादावर मिशनच्या दफ्तराइतकाच प्रकाश पडेल.